नाव रिकामं असेल तर

यशोधराचं रक्त संपत आलं की ते तिच्या आईला आधी ओठांवरून कळायचं. ओठ उकडलेल्या बटाट्यासारखे व्हायचे. मग दोन दिवसांनी पोरगी जिन्यावर मधेच बसायची, आणि नंतर खेळायला चल म्हटलं तरी उंबऱ्यातूनच दुसऱ्यांचा खेळ बघायची. ती सात वर्षांची होती. तिच्या अंगात रक्त धड तयारच होत नाही, डॉक्टर त्याला थॅलेसेमिया म्हणतात. दर तीन आठवड्यांनी बीडला जाऊन दुसऱ्याचं रक्त चढवायचं, त्यावर पोर टवटवीत व्हायची आणि पुन्हा हळूहळू उतरत जायची. त्यात तिचा गट बी निगेटिव्ह. शंभर माणसं धुंडाळली तर एखाददुसरं निघतं असलं ते रक्त.

तिची आई राजश्री वडवणीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. बाप नवनाथ पिकअप चालवायचा, आठवडी बाजाराचा माल बीडच्या मोंढ्यात पोचवायचा. अशा मुलांच्या आईबापांचा जिल्ह्यात एक गट होता. त्या गटात बी निगेटिव्हवाल्या मुली दोनच. एक यशोधरा आणि दुसरी रुद्राणी, युसूफ वडगावच्या किराणा दुकानदार विश्वेश्वरची. दोघींना पुरतील एवढे दाते अर्जुनराव नावाच्या एका निवृत्त मास्तरांनी वर्षानुवर्षं फोन करकरून जोडून ठेवले होते. कोणी कधी दिलं, कोणाला आता बोलवायचं, कोणाच्या घरी लगीन आहे म्हणून त्याला या वेळी सोडायचं, सगळं ते बघायचे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं.

त्यानंतर गटाचं गाडं अडलं. ज्याच्या पोराला रक्त लागायचं तो व्हॉट्सअपवर हात जोडायचा, तो निरोप जिल्हाभर फिरायचा, आणि गेल्या वर्षीचा निरोप यंदा फिरून परत यायचा. दाते वैतागले. कोणी फोन उचलेना. एकदा यशोधराला आठवडाभर उशीर झाला आणि तिला बाकावर आडवी करून शाळेतून उचलून आणावी लागली, तेव्हा राजश्रीनं ठरवलं की हे काम आपण मशीनकडून करून घ्यायचं.

मराठीत बोलणारी एआय मॉडेलं तिनं क्लासमध्ये पाहिली होती. मॉडेल थॅलेसेमियावर तासभर बोलेल, पण पालीच्या म्हाळू नावाच्या दात्यानं शेवटचं रक्त कधी दिलं हे त्याला कुठून ठाऊक असणार? ते ठाऊक व्हायचं तर मध्ये एक सर्व्हर उभा करावा लागतो. त्या सर्व्हरवर कामं मांडून ठेवायची: दात्यांच्या यादीत शोध, निरोप पाठव, रक्त दिल्याची तारीख लिही. प्रत्येक कामापुढे साध्या भाषेत लिहायचं की हे कशासाठी आहे. मॉडेल ते वाचतं आणि लागेल ते काम सर्व्हरला सांगतं. विचार त्याचा, हात सर्व्हरचे. बाहेरच्या जगाला जोडणाऱ्या या कामांना त्या धंद्यात टूल म्हणतात.

ऐकायला सोपं. राजश्रीचे दोन महिने त्यात गेले. एक बॅच सुटून दुसरी येईपर्यंतच्या वेळात ती व्हिडिओ बघायची, लिहायची, चालवायची आणि पडद्यावर लाल अक्षरांत यायचं, कनेक्शन नाकारलं. परवान्याची किल्ली, म्हणजे लांबलचक पासवर्ड, चुकली, मग किल्ली बरोबर पण यादी उघडेना, मग यादी उघडली तर लाईट गेली. ती रडकुंडीला यायची. एकदा नवनाथ म्हणाला, "आगं, सोड की नाद. आपण फोन करू." ती म्हणाली, "तू गाडीवर आसतोस, मी क्लासवर. कोण करणार फोन? आणि पोरगी थांबणार हाय का आपल्यासाठी?"

निरोपाचं टूल तपासताना रोज नावं घालायचा तिला कंटाळा आला. यादीत तेव्हा तिचेच घरचे तीन नंबर होते. म्हणून तिनं त्यात एक ओळ घातली. नाव रिकामं असेल तर सगळ्यांना पाठव.

मग एक दिवस सगळं जुळलं. तिनं अर्जुनरावांची खरी यादी चढवली आणि मॉडेलला जोडलेला व्हॉट्सअप नंबर गटाला दिला. त्या ओळीची तिला आठवणही राहिली नाही.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. आईबाप त्या नंबरवर लिहायचे, मॉडेल यादीत शोधायचं, रक्त देऊन ज्याचे तीन महिने भरलेत अशा एकालाच अदबीनं विचारायचं, आणि तो माणूस बीडच्या दवाखान्यातल्या रक्तपेढीत पोचायचा. यशोधराला दोनदा वेळेवर रक्त मिळालं. विश्वेश्वरनं दुकानातून फोन केला, "बाई, लई मोठं काम केलंत तुमी. आमची रुद्राणी काल झाडावर चढली व्हती." राजश्रीला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

मार्चात रुद्राणीची पाळी आली. विश्वेश्वरनं सकाळी दुकान उघडता उघडता लिहिलं, "रुद्राणीला आज बी निगेटिव्ह पाहिजे. कोणालाही बोलवा पण लवकर बोलवा." नेमकं त्याच वेळी यादीत शोधायचं टूल बंद पडलं होतं; निरोपाचं टूल मात्र चालू होतं. मॉडेलनं शोध घेतला, हाती काही आलं नाही. 'कोणालाही' हे तर त्याला सांगितलेलंच होतं. त्यानं नाव रिकामं ठेवून निरोप धाडला.

राजश्री क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवत होती. आसाराम नावाच्या दात्याचा फोन आला. "ताई, निघालो बरं का मी." ती म्हणाली, बरं झालं. फोन ठेवते न ठेवते तोच दुसऱ्याचा. "निघालोय." मग तिसऱ्याचा. तिनं सर्व्हरची नोंद उघडली आणि नावाची रिकामी जागा बघितली.

येऊ नका, असा निरोप तिनं लगेच टाकला. पण माणसं मोटारसायकलवर होती, एसटीत होती, पोरगी वाचवायला निघाली होती. कोण बघतंय मोबाईल? नवनाथला तिनं बाजारातून उठवलं, पिकअपमधली कोथिंबीर तशीच ठेवून दोघं बीडला धावले.

गाडी रक्तपेढीच्या आवारात लावली. बाहेर बाकड्यांवर, पायऱ्यांवर, लिंबाच्या सावलीत माणसंच माणसं बसली होती. प्रत्येकाच्या कोपराच्या खाचेत कापसाचा बोळा. विश्वेश्वर बिस्किटांचे पुडे फोडून हातात देत फिरत होता, त्याचे डोळे भरून आले होते. "बघा बाई," तो म्हणाला, "देव हाय का न्हाई? एकालाबी न्हाई म्हणावं वाटलं न्हाई."

ती आत पळाली. तिथला तंत्रज्ञ भागवत पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होता.

"थांबवा," ती म्हणाली. "बाकीच्यांचं घेऊ नका."

"बाकी कोण राहिलंय, मॅडम? झालं की सगळ्यांचं. निगेटिव्हची आशी रांग मी नोकरीत पहिल्यांदा बघितली. शिबिर लावलं व्हतं ना तुमी?"

ती खाली फरशीवर बसली. एकदा रक्त दिलं की माणसाला तीन महिने पुन्हा देता येत नाही. जिल्ह्यात त्या दोन मुलींसाठी जेवढी माणसं होती, तेवढी सगळी त्या एका सकाळी रिकामी झाली होती. भागवतच्याही ध्यानात आलं. त्याच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली.

विश्वेश्वरला तिनंच सांगितलं. तो हातात बिस्किटाचा पुडा घेऊन ऐकत राहिला. "म्हंजे आता उन्हाळाभर कोणीच न्हाई?" त्यानं पुडा पायरीवर ठेवला आणि बायकोला फोन लावला. पलीकडे मल्लम्मा काय म्हणाली ते राजश्रीला कळलं नाही, पण तो फोन कानापासून लांब धरून उभा होता.

पिशव्या होत्या, पण त्या काही दोन पोरींसाठी कुलूप लावून ठेवता येत नाहीत. त्या दिवशी एक रुद्राणीला लागली. एक अंबाजोगाईच्या बाळंतिणीला गेली, दोन अपघातातल्या माणसाला. काही मोठ्या शहरातून मागणी आली तिकडे गेल्या. त्यांना नको म्हणायला राजश्रीची जीभ उचलली नाही. तीही कुणाची तरी लेकरंच. पुढच्या पाळीला यशोधराला त्यातलीच मिळाली, त्याच्या पुढच्या पाळीला कशीबशी रुद्राणीला. उरलेल्यांची मुदत संपली, त्या टाकून द्याव्या लागल्या. मग एप्रिल अर्धा सरला आणि रक्तपेढीतली बी निगेटिव्हची जागा रिकामी झाली.

राजश्री आणि नवनाथ वेड्यासारखे फिरले. वडवणीच्या बाजारात मांडव टाकून त्यांनी लोकांचे गट तपासून घेतले. भाजीवाले आले, गुरांचे व्यापारी आले, बसची वाट बघणारी माणसं आली. उन्हानं मांडवाचं कापड इतकं तापलं होतं की हात लाववत नव्हता. सगळ्या बाजारातून बी निगेटिव्ह एकच निघाली, आणि तिला सहावा महिना चालू होता. ती बाई अपराधी झाल्यासारखी म्हणाली, "माज्या हातात आसतं तर दिलं आसतं वो." राजश्रीनं तिलाच पाणी पाजलं.

घरी यशोधरा उतरत चालली होती. तिच्या डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून हाताला लागायची. एका सकाळी ती म्हणाली, "आई, मला आज बसूनच आंघोळ घाल." राजश्रीनं तिला पाटावर बसवलं, पाणी घातलं, आणि तोंडावर तांब्या धरून रडून घेतलं, पोरीला कळू नये म्हणून.

सर्व्हर तिनं पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केला होता. ती ओळ काढून टाकली होती. तीन महिने झाले नसतील तर निरोप जाणारच नाही, अशी अट तिनं सर्व्हरमध्येच घातली होती, म्हणजे मॉडेलनं किंवा कोणी कितीही सांगितलं तरी तो नकार देईल. आता तोच नकार रोज तिच्यासमोर येऊन उभा राहायचा. ती लिहायची, यशोधराला रक्त हवंय. उत्तर यायचं, सध्या कोणीही पात्र नाही.

एका दुपारी क्लास रिकामा होता. तिनं यादी उघडली आणि खाली येत येत म्हाळूच्या नावावर थांबली. म्हाळू पालीचा, विहिरीच्या खोदकामावर दगड फोडणारा. हाडकुळा माणूस, पण हाकेला कधी न्हाई म्हणाला नव्हता. तिनं त्याच्या रक्तदानाची तारीख मागे नेली. तारीख एका फटक्यात बरोबर लिहिली गेली. मग इतर कोणत्याही आईसारखं तिनं त्या नंबरवर लिहिलं. उत्तर आलं, "म्हाळू यांचे तीन महिने पूर्ण झाले आहेत. त्यांना निरोप पाठवू का?"

मॉडेलचा यादीवर विश्वास होता. तिनं हो लिहिलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळू डोक्याला टॉवेल गुंडाळून रक्तपेढीत आला. विहिरीवरून थेट आला होता, पायांवर दगडाची भुकटी तशीच. राजश्रीकडे बघून हसला आणि खुर्चीत बसून हात पुढे केला.

"मागच्या वेळी कधी दिलतं?" भागवतनं विचारलं.

"मला काय ध्यानात राहतंय, साहेब. बाईच्या मशिनीनं सांगितलं झाले तीन महिने, म्हंजे झाले आसतील."

भागवतनं राजश्रीकडे पाहिलं. "मॅडम, झालेत ना?"

म्हाळूच्या गळ्याखालची हाडं दिसत होती. शेजारच्या वॉर्डात सकाळीच भरती केलेली यशोधरा बापाच्या मांडीवर पडून होती. हो म्हणायला एकच अक्षर लागत होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"न्हाई झाले," ती म्हणाली. "तारीख मी बदलली."

भागवतनं सुई बाजूला ठेवली. म्हाळूला आधी कळेना. कळल्यावर तो म्हणाला, "मंग काय झालं? घ्या की. पोरगी हाय."

"उठ," भागवत म्हणाला. "तुझ्या अंगातच काय हाय म्हणून घेऊ? घरी जाऊन जेव पोटभर."

म्हाळू ओशाळून उठला, जणू काही चूक त्याचीच होती. दारापर्यंत जाऊन तो परत आला. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी नुसतं म्हणाला आसता तर आलोच आसतो की. खोटं कावून घातलं मशिनीत?"

राजश्रीला त्याच्याकडे बघवलं नाही. तो निघून गेल्यावर ती वॉर्डात गेली आणि नवनाथला म्हणाली, "मिळालं न्हाई." तो पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिला.

त्याच आठवड्यात रुद्राणीलाही तिथंच आणलं. दोन खाटा शेजारी शेजारी लागल्या. डॉक्टर विजयमाला यांनी ठिकठिकाणी फोन केले आणि लातूरहून एक पिशवी मिळवली. एकच. राजश्रीनं विचारलं, अर्धी अर्धी होईल का? डॉक्टर म्हणाल्या, "अर्ध्यानं दोघींचंही भागणार नाही. रुद्राणीचं हिमोग्लोबिन जास्त खाली गेलंय, तिला आधी." बरोबरच होतं ते. राजश्रीला ते बरोबर आहे हे समजतही होतं, आणि तरी पिशवी त्या दुसऱ्या खाटेच्या दांडीला टांगताना बघून तिला ती ओढून घ्यावीशी वाटली. तिनं दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले.

मल्लम्मा तिच्याशी इतके दिवस एक शब्द बोलली नव्हती. रक्त थेंबथेंब उतरायला लागलं तशी ती वळली. "माज्या पोरीला मिळालं म्हणून तुमचं फिटलं, आसं समजू नका."

"न्हाई समजत," राजश्री म्हणाली.

विश्वेश्वर खाली मान घालून उभा होता.

त्यानंतरचे दिवस राजश्रीला नीट सांगता येत नाहीत. यशोधराला ऑक्सिजन लावला होता. तिचा श्वास छातीत न राहता नाकपुड्यांतच फडफडायचा. काळजावर ताण येतोय, डॉक्टर म्हणाल्या. राजश्री मोबाईल हातात घेऊन बसायची, पण कोणाला लिहायचं? ज्यांना लिहावं त्या सगळ्यांनी आधीच दिलं होतं. देणाऱ्यांच्या चांगुलपणानंच तिची पोर मरणाला टेकली होती, आणि ते सगळे तिच्या एका ओळीवर विसंबून आले होते. खोलीतला पंखा गरम हवा फिरवत होता. पोर मधेच डोळे उघडून आई आहे का बघायची आणि मिटायची.

शेवटी सोलापूरच्या एका पेढीत एक पिशवी असल्याचं कळलं. नवनाथ बर्फाची पेटी घेऊन पिकअपनं निघाला. परत येईपर्यंत राजश्रीनं एकदाही त्याला फोन केला नाही. कुठे पोचलास असं विचारलं आणि तो म्हणाला, टायर फुटलं, तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. संध्याकाळच्या उन्हात तो वॉर्डात आला तेव्हा त्याच्या शर्टातून घाम निथळत होता आणि पेटी त्यानं लेकरासारखी पोटाशी धरली होती. क्रॉसमॅच झालं, रक्त जुळलं, चढलं. दुसऱ्या दिवशी यशोधरानं चहात पाव बुडवून मागितला.

पोरगी वाचली, पण होती तशी झाली नाही. पानथरी उतरली नाही. पुढच्या वर्षी ती काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. काळजाची तपासणी आता दर सहा महिन्यांनी असते. शाळेच्या कवायतीत तिला बसवून ठेवतात.

जूनमध्ये दात्यांचे तीन महिने भरले. त्याआधीच राजश्रीनं गटापुढे सगळं सांगितलं होतं, रिकाम्या नावाचं आणि बदललेल्या तारखेचंही. तीन घरं गट सोडून गेली. काही दाते पुन्हा आले, काहींनी नंबर बदलले. मल्लम्मा अजून बोलत नाही; विश्वेश्वर कामापुरतं बोलतो. सर्व्हर चालू आहे, पण त्याच्याकडे निरोप धाडायचं काम राहिलेलं नाही. कोणाला बोलवता येईल एवढंच तो सांगतो. बोलावणं राजश्री स्वतः करते, आणि प्रत्येक फोनआधी नाव आणि तारीख दोनदा तपासते.

परवा गेवराईकडच्या एका बाईनं त्या नंबरवर लिहिलं. तिचं पोर दहा महिन्यांचं, गेल्या आठवड्यात तपासणीत आजार निघाला, गटात घ्याल का. राजश्रीनं ते वाचलं आणि मोबाईल उलटा ठेवून भांडी घासायला गेली. दोन दिवस तिनं उत्तर दिलं नाही. आणखी एका लेकराचा जीव आपल्या हातात घ्यायची तिची छाती होईना. तिसऱ्या दिवशी क्लासला निघताना तिनं त्या बाईला फोन लावला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. राजश्री चप्पल घालता घालता थांबली, पायरीवर बसली, आणि त्या बाईला बोलता येईपर्यंत फोन कानाशी धरून राहिली.